मायबाप सरकार आणि खरे आईबाप

२०२३ च्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात ५९ हा आकडा दोन वेगवेगळ्या बातम्यांत आला.

पहिली बातमी ३० मेची. दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाड स्टेशनांवर उतरवली गेली. वयं ८ ते १७. ती पुणे आणि सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. मुलांची तस्करी होतेय असा संशय घेऊन सोबतच्या पाच जणांना अटक झाली आणि मुलं नाशिक व भुसावळच्या बालगृहांत ठेवली गेली. बारा दिवस. आईबापांनी मुलं परत मागितल्यावर प्रशासनाने त्यांना बिहारला धाडलं. पुढे २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनीच सांगितलं, की हा सगळा गैरसमज होता, आणि प्रकरण बंद झालं.

दुसरी बातमी त्यानंतर तीन-चार दिवसांची. १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मनीच्या राजदूतांना पत्र लिहिलं. बर्लिनमध्ये राहणाऱ्या एका भारतीय जोडप्याची सात महिन्यांची मुलगी सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली होती. आईबापांवरचा फौजदारी तपास नंतर बंद झाला, तरी मुलगी परत मिळाली नव्हती.

एका मुलीसाठी ५९ खासदारांनी सह्या केल्या हे चांगलंच झालं. पण मनमाडला उतरवलेल्या मुलांच्या आईबापांचे प्रश्नही शब्दशः तेच होते. आमचं मूल का नेलं? कुठे ठेवलं? परत कधी देणार? आणि चुकून नेलं असेल, तर त्याचं उत्तर कोण देणार?

यातले पहिले तीन प्रश्न कायद्याने हळूहळू का होईना, ऐकून घेतले. चौथ्याला शंभर वर्षं लागली. हा लेख त्या चौथ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

आईबाप हाच गुन्हा

आपल्याकडे सरकारला ‘मायबाप’ म्हणायची जुनी सवय आहे. बाकी खात्यांच्या बाबतीत ती नुसती म्हण आहे, पण मुलांच्या बाबतीत सरकार खरोखरच मायबाप होऊ शकतं. इंग्रजी कायद्यात जुनं तत्त्व आहे: ज्याला पालक नाही त्याचा पालक राजा. अनाथासाठी हे वरदानच. अडचण तेव्हा होते, जेव्हा मुलाला आईबाप असतात आणि सरकार म्हणतं, हे आईबाप चालणार नाहीत.

भारतात हे सगळ्यात उघडपणे म्हटलं गेलं ते गुन्हेगार जमाती कायद्यात. १८७१ च्या या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. १८९७ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली: अशा जमातींतल्या ४ ते १८ वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवता येईल. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांतही मुलं वेगळी ठेवायची सोय राहिली. सोलापुरात या जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. तिथल्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

या कायद्यात मुलाने काही केलंय का, हे बघायची गरज नव्हती. आईबापांनी त्याला मारलंय का, उपाशी ठेवलंय का, हेही नाही. ते कोणत्या जमातीचे आहेत एवढं पुरे होतं. आणि आईबापांनी दाद मागायची कुठे? ज्यांना सरकारने आधीच गुन्हेगार म्हणून नोंदवलंय त्यांची तक्रार कोण लिहून घेणार? ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. भटके-विमुक्त समाज त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. पण ‘आईबाप कोण आहेत ते बघून ठरवा’ ही सवय एका तारखेने जात नसते.

नागपूरचा कायदा

याच काळात दुसरा, बराच दयाळू विचारही वाढत होता. मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात टाकू नका, त्यांचं वेगळं न्यायालय करा, वेगळं घर करा. इंग्लंडमध्ये १९०८ ला बालकांचा कायदा झाला. त्याच धर्तीवर मद्रासने १९२० ला, बंगालने १९२२ ला आणि मुंबईने १९२४ ला कायदा केला. १९२८ ला मध्य प्रांताने केला. म्हणजे आमच्या नागपूरच्या सरकारने, कारण तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. विदर्भातल्या मुलांच्या सरकारी संरक्षणाचा इतिहास अशा रीतीने शंभरीला आलाय.

मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. बालन्यायालयाने पाठवलेली मुलं सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई बालक कायदा आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागणाऱ्यावर अवलंबून असलेल्या मुलाला बालन्यायालयाकडे पाठवायची तरतूद आली.

हे सगळे कायदे चांगल्या मनाने केलेले होते, यात शंका नाही. पण त्यांची रचना बघा. मूल कोणी उचलायचं, कोणापुढे उभं करायचं, कुठे ठेवायचं, किती वर्षं ठेवायचं, हे सगळं त्यांत तपशिलात येतं. आईबाप त्या गोष्टीत येतात ते बहुतेक वेळा कारण म्हणून: बाप दारुडा, आई भीक मागते. आपली बाजू मांडणारी माणसं म्हणून ते फार कमी दिसतात.

मानखुर्दचं पत्र

१९८० च्या दशकात शीला बारसे या मुक्त पत्रकार मुंबईत तुरुंग आणि बालगृहांवर काम करत होत्या. मुंबईतल्या मानखुर्दचं निरीक्षणगृह चिल्ड्रन्स एड सोसायटी चालवत होती. तिथलं चित्र पाहून त्यांनी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली.

त्यांच्या तक्रारींतली पहिलीच आजच्या कुठल्याही आईबापाला ओळखीची वाटेल. न्यायालयाने मूल घरी पाठवायचा आदेश दिल्यावरही मूल घरी पोचायला फार उशीर होतो. दुसरी: मुलांना ताब्यात घेताना पुरेसा विचार केला जात नाही. तिसरी: एकदा मूल आत गेलं की नीट पाठपुरावा होत नाही. चौथी: मुलांकडून मोबदल्याशिवाय काम करून घेतलं जातं.

उच्च न्यायालयाने काही निर्देश दिले. बारसे यांना ते पुरेसे वाटले नाहीत आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला. मुलांना निरीक्षणगृहात फार काळ ठेवू नये, बालन्यायालयात खास प्रशिक्षण घेतलेले न्यायाधीश हवेत, असं त्यात आलं. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच होता. न्यायालय म्हणालं, ही संस्था म्हणजे राज्यघटनेच्या कलम १२ नुसार ‘राज्य’ आहे.

याचा साध्या भाषेत अर्थ काय? तोवर प्रश्न विचारला की संस्था म्हणू शकत होती, आम्ही नोंदणीकृत सोसायटी आहोत. सरकार म्हणू शकत होतं, ते काम संस्थेचं आहे. गंमत म्हणजे त्या संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष राज्याचे मुख्यमंत्री होते. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा खेळ चांगला माहितीये. सर्व्हर बंद पडला की आमची टीम म्हणते व्हेंडरचा दोष, व्हेंडर म्हणतो तुमच्या सेटिंगचा दोष, आणि ग्राहक फोन धरून बसतो. १९८६ च्या निकालाने निदान एवढं ठरवलं, की फोन उचलायची जबाबदारी टाळता येणार नाही. मूल सरकारच्या ताब्यात असेल, तर मधे कोणतीही संस्था असली तरी मूलभूत हक्कांचं उत्तर द्यावंच लागेल.

सही कोणाची, समज कोणाची

त्याच सुमारास दुसरं एक पत्र सर्वोच्च न्यायालयात पोचलं होतं. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलांबद्दल लिहिलेलं. १९८४ च्या निकालात न्यायालयाने जन्मदात्या आईबापांबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. त्यांच्यावर दबाव नसावा, आणि मूल द्यायचं ठरल्यावरही फेरविचाराला साधारण तीन महिने मिळावेत. आजच्या कायद्यात ही मुदत दोन महिने आहे.

कागदावर मुदत असणं वेगळं आणि सही करणाऱ्या आईला ती माहीत असणं वेगळं. पुण्यातल्या प्रीत मंदिर या दत्तक संस्थेबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी होत्या. गरीब आईबापांची दिशाभूल करून कागदांवर सह्या घेतल्याचे आरोप त्यांत होते. सामाजिक संस्था न्यायालयात गेल्या आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयला तपास करायला सांगितलं. दत्तकाच्या त्याच व्यवस्थेत अनेक मुलांना खरंच चांगली घरं मिळाली. पण एखादी आई म्हणते की मला काही दिवस सांभाळायला ठेवायचं होतं, कायमचं द्यायचं नव्हतं, तेव्हा तिच्या विरोधात तिचीच सही उभी असते.

मानखुर्दचं पत्र आणि पांडे यांचं पत्र शेजारी ठेवून बघा. एक पत्रकाराचं, दुसरं वकिलाचं. दोघांनाही न्यायालयाचा पत्ता माहीत होता आणि न्यायालयाची भाषा येत होती. ज्यांची मुलं होती त्यांची पत्रं या इतिहासात जवळपास सापडत नाहीत. त्यांना तक्रार नव्हती असं नाही. ती टाकायला पेटीच नव्हती.

इंग्लंडने काय शिकलं

हा प्रश्न फक्त गरीब देशांचा नाही. १९८७ मध्ये इंग्लंडच्या क्लीव्हलँड भागात काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निदान दोन बालरोगतज्ज्ञांनी केलं आणि बरीचशी मुलं घरातून काढली गेली. आईबाप हादरले, आंदोलन झालं, चौकशी बसली. न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांचा अहवाल १९८८ मध्ये आला. बहुतेक मुलं घरी परतली.

‘आईबाप खरे, डॉक्टर खोटे’ असा सरळ निष्कर्ष अहवालाने काढला नाही. काही मुलांवर अत्याचार झालेही असतील. पण मुलाकडे वस्तूसारखं बघू नका आणि आईबापांना निर्णयाबद्दल लेखी कळवा, हे त्यातून पुढे आलं. १९८९ च्या कायद्याने तातडीने मूल काढायच्या आदेशाची मुदत २८ दिवसांवरून आठ दिवसांवर आणली. म्हणजे मूल काढायचा अधिकार कायम राहिला, फक्त त्याला लवकर वाजणारा गजर लावला.

नेदरलँड्सची गोष्ट तर आमच्या धंद्याची. तिथल्या कर खात्याने बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका ठेवला. कोणाची छाननी करायची हे ठरवण्यात एका संगणकीय जोखीम-प्रणालीचा हात होता. कुटुंबं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. या कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं घराबाहेर ठेवली गेल्याचं नंतर सरकारी आकडेवारीतून दिसलं. तुमच्यावर ठपका का, हे विचारलं तर खात्यातला माणूसही धड सांगू शकत नव्हता. सिस्टीमने सांगितलं, एवढंच उत्तर.

कायद्याची पेटी

आपल्याकडे १९८६ चा बालन्याय कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला आणि देशभर एकच व्यवस्था आली. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याचं नववं कलम सांगतं, की मुलाला आईबापांपासून तोडताना न्यायालयीन तपासणीची सोय हवी आणि संबंधित सगळ्यांना म्हणणं मांडायची संधी हवी. २००० च्या कायद्यात बालकल्याण समिती आली. २०१५ च्या कायद्याने तीच चौकट जास्त तपशिलात मांडली.

ही समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांना दंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठासारखे अधिकार असतात. सापडलेलं किंवा ताब्यात घेतलेलं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत समितीपुढे यायला हवं. चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि मूल कुटुंबात परत जाणं हे उद्दिष्ट, असं कायदाच म्हणतो. नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू ऐकून घेणं, हेही त्याच्या तत्त्वांत आहे.

आता आपला चौथा प्रश्न. समितीच्या कामाबद्दल तक्रार करायला २०१५ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दार उघडलं. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, त्यात स्पष्ट घातलं, की मूल किंवा मुलाशी संबंधित कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं आणि त्यांनी दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी देऊनच आदेश द्यायचा. समितीच्या कामाचा दर तिमाहीला आढावाही त्यांनीच घ्यायचा. १९२८ पासून मोजलं तर ‘ऐकून घ्या’ हे तक्रारीच्या दारावर इतक्या स्पष्ट अक्षरांत यायला ९३ वर्षं लागली.

समितीचा आदेशच चुकीचा वाटत असेल, तर बहुतेक बाबतींत बाल न्यायालयात अपील करता येतं. मुदत ३० दिवस. इथे बारीक अक्षर वाचा: हे ३० दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजले जातात. आदेश तुमच्या हातात कधी पडला, यापासून नाही. पुरेसं कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. पण वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईला आदेशाची प्रतच विसाव्या दिवशी मिळाली, तर तिचं घड्याळ तिच्या नकळत वीस दिवस चाललेलं असतं.

दुसरी बाजू

ज्यांनी हे काम केलंय ते इथे म्हणतील, तुम्ही रात्री बारा वाजता मार खाल्लेलं मूल पाहिलंय का? प्रश्न योग्य आहे. काही घरं मुलांसाठी धोक्याची असतात आणि तिथून मूल काढायला एक तासही उशीर चालत नाही. नागपूर स्टेशनावर हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग भेटतात. घरातून पळालेलं, हरवलेलं किंवा खरंच विकायला नेलं जाणारं मूल चारही दिशांनी येऊ शकतं. तिथे संशय घेणारा पोलीस नकोच, असं कोणी म्हणणार नाही.

गुप्ततेचंही तसंच. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि ती हवीच. पण मुलाची ओळख झाकणारा पडदा कार्यालयाचा कारभारही झाकतो. आईबाप जाहीर बोलू शकत नाहीत, पत्रकार नीट लिहू शकत नाही आणि कोणाचं चुकलं हे बाहेर येत नाही.

आणि सरकारी छताखाली गेलं म्हणजे मूल सुरक्षित झालं, असंही नाही. पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका संस्थेत गतिमंद मुलींवर झालेल्या अत्याचारांच्या खटल्यात २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की मुलं ठेवणाऱ्या सगळ्या संस्थांची नोंदणी करा आणि त्यांचं सामाजिक ऑडिट करा.

म्हणून उत्तरदायित्व म्हणजे कोणाला तरी फासावर चढवणं नव्हे. माझ्या कामात एखादा बदल चुकला तर आधी लॉग उघडतात. कोणी, किती वाजता, कोणत्या माहितीवर काय केलं? लॉग असला की प्रामाणिक चूक आणि बेपर्वाई यांतला फरक कळतो. तो नसला की दोन्ही सारख्याच दिसतात आणि मग प्रामाणिक अधिकाऱ्यालाही आपला बचाव करता येत नाही. भुसावळ-मनमाडच्या प्रकरणात गैरसमज झाला हे मान्य झालं. पण कोणत्या माहितीवर संशय घेतला, पालकांना फोन किती वाजता केला, मदरशांशी कोण बोललं, आणि पहिल्या दिवशी सुटू शकणारं कोडं बाराव्या दिवसापर्यंत का गेलं, याचं उत्तर त्या ५९ घरांना लेखी मिळायला हवं.

सिव्हिल लाइन्सपर्यंत

नागपुरात जिल्हाधिकारी कार्यालय आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ, दोन्ही सिव्हिल लाइन्समध्ये आहेत. कायदा ज्या दोन दारांकडे बोट दाखवतो ती एकमेकांपासून फार लांब नाहीत. पारशिवनीहून किंवा भिवापूरहून येणाऱ्या माणसाला मात्र ती लांब आहेत. एक दिवसाची मजुरी, बसचं भाडं आणि कोणत्या टेबलावर जायचं हे माहीत नसणं, असं ते अंतर आहे.

ओळखीतल्या कोणावर अशी वेळ आली तर चार गोष्टी सांगा. समितीच्या आदेशाची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. आदेशाची तारीख बघून ३० दिवस मोजा. समितीच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि सुनावणी मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि सरकारकडून मागायची गोष्ट एकच, तीही छोटी. मूल ताब्यात घेतलं त्याच दिवशी आईबापांच्या हातात एक कागद द्या. त्यांच्या भाषेत. त्यावर कारण, मुलाचा ठावठिकाणा, पुढची तारीख, अपिलाची मुदत आणि ज्याने निर्णय घेतला त्याचं नाव व सही. रेल्वेत हरवलेल्या बॅगेची तक्रार केली तरी पावती मिळते.